नारायण पेठेतला मासा

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो. तरीही निम्म्याहून अधिक आयुष्य मी नारायण पेठेत मासे पकडायच्या काठ्या विकल्या, आणि त्या विकता विकता असंख्य वेळा स्वतःच मासा झाले. हे शेवटचं नीट कळायला थोडा धीर धरावा लागेल. दिवाळीचे दिवस आहेत, चकली खात खात वाचा.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. त्यांना हा नाद कुठून लागला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पकडलेला मासा ते परत पाण्यात सोडून देत आणि घरी येऊन आंघोळ करत. एवढ्यावर सासूबाईंनी समजूत करून घेतली होती. माझे यजमान बँकेत. त्यामुळे मामंजींचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकानात बसायला घरात मी एकटीच मोकळी होते, असं बाकीच्यांचं मत पडलं. वरच्या मजल्यावरच्या आप्पांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "काय हो, आता तुम्ही मासे विकणार?" मी म्हटलं, "तुम्ही घेणार असाल तर आणते." त्यानंतर आप्पा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि हिला दुकानदारी जमेल अशी मामंजींची खात्री पटली.

दुकानात मामंजींच्या हातच्या दोन पाट्या होत्या. एक, 'काठी हातात धरल्याशिवाय भाव विचारू नये.' दुसरी, 'खोट्या माशांचा वास घेऊ नये.' दुसरी पाटी लोकांना विनोदी वाटायची. पण काचेच्या बरणीत ठेवलेली रबराची मासोळी बघितली की पहिल्यांदा आलेला माणूस हमखास नाकापाशी नेई, आणि मग पाटी वाचून शरमल्यासारखा खाली ठेवी.

छताला पंखा नव्हता. उन्हाळ्यात जीव नको व्हायचा, पण पंखा लावायचा नाही हा मामंजींचा नियम मी शेवटपर्यंत पाळला. कारण काठी हातात आली की पुरुषमाणसाला ती तलवारीसारखी फिरवल्याशिवाय राहवत नाही. असं फिरवून काठीबद्दल काहीही कळत नाही. पंखा असता तर शेंडा तुटतो कसा एवढं मात्र कळलं असतं.

आता ज्यांनी कधी गळ हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून वाट बघत बसायचं, ही एक तऱ्हा. आमच्या काठ्या दुसऱ्या तऱ्हेच्या, तिला स्पिनिंग म्हणतात, आणि तिच्यात वाट बघत बसत नाहीत. पत्र्याची किंवा लाकडाची खोटी मासोळी दोऱ्याला बांधून लांब फेकायची आणि काठीखाली लटकणारं रीळ फिरवत ती पाण्यातून पळवत आणायची. मरळीसारखा शिकारी मासा तिच्यावर झडप घालतो. झडप घातली नाही तर पुन्हा फेकायचं. सकाळभर हाताला हेच काम. म्हणून ही काठी उचलायला हलकी हवी, आणि ज्याच्या त्याच्या मनगटाला मानवेल अशी हवी.

लोक मात्र येताच विचारायचे, सगळ्यात मजबूत कोणती? मी उलट विचारायची, फेकणार काय? काठीवर मुठीच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंतचं वजन ती फेकू शकते. गिऱ्हाईक ते सोडून बाकी सगळं वाचतं. हलकी मासोळी जाड काठीने फेकलीत तर ती पायापाशीच पडेल. मग पुढचा प्रश्न, उभे कुठे राहणार? धरणाच्या मोकळ्या काठावर लांब काठी बरी, बाभळीच्या झुडपात आखूड. मग बाक बघायचा. काही काठ्या नुसत्या शेंड्याशी वाकतात. त्यांना माशाचा नुसता स्पर्श कळतो, पण त्या चूक खपवून घेत नाहीत. काही पार मुठीपर्यंत वाकतात. त्या मवाळ स्वभावाच्या, धरणाऱ्याची धांदल पोटात घालतात. कार्बनची काठी हलकी आणि जाणती, पण दगडावर आपटली की संपली. काचतंतूची, म्हणजे फायबरची, जड, तरी संसारी, मार खाऊन टिकणारी. आणि कार्बनमधून वीज जाते, तेव्हा तारांखाली उभं राहायचं नाही, हे मी पावतीबरोबर प्रत्येकाला तोंडी द्यायची.

शेवटी कापूस. काठीवर ज्या कड्यांमधून दोरा जातो, त्यातल्या एखादीला आतून केसाएवढी चीर असली तर डोळ्याला दिसत नाही, पण ती दोरा कापत राहते आणि नेमका मोठा मासा लागला की दोरा तुटतो. मी फुलवातींसाठी ठेवलेला कापूस घेऊन प्रत्येक कडीतून फिरवायची. चीर असेल तिथे तंतू अडकतो. देवाचा कापूस असल्या कामाला वापरते म्हणून सासूबाई नाराज होत्या, पण त्याहून चांगला कापूस मला कुठे मिळाला नाही.

आता मासा होण्याबद्दल. काठी रिकामी फिरवून कळत नाही, छताला टेकवून वाकवली तर मोडते. म्हणून मामंजींनी रीत पाडली होती. काठीला रीळ लावायचं, दोरा कड्यांतून ओवायचा, गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर उभं करायचं, आणि दुकानदाराने दोऱ्याचं टोक हाताला गुंडाळून समोरच्या पिठाच्या गिरणीकडे चालू लागायचं. मध्येच झटका द्यायचा, मध्येच वळायचं, कधी थबकायचं. स्कूटर आली की दोरा उंच करायचा. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊवारीतल्या बायका गिरणीच्या रांगेत डबे घेऊन उभ्या, आणि मी रस्त्यात दोऱ्याला बांधलेली. पण आठवडाभरात कोणी बघेनासं झालं. पेठेत माणसाला कशाचीही सवय होते, फक्त ते वेळेवर करावं लागतं.

आणि मग मला त्यात गोडी वाटू लागली, हे कबूल करते. दोऱ्याच्या टोकाला असलं की पलीकडचा माणूस कळतो. कोणी दरादरा ओढतो. कोणी लाजून सैल सोडतो. एक वकील होते, ते मला ओढताना दर खेपेला "सॉरी" म्हणायचे. त्यांना मी सर्वांत मवाळ काठी दिली.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगावेत तेवढे थोडे. कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ आले, धोतरासारखी पांढरीशुभ्र विजार, हातात पिशवी. लांब, घडीची आणि अजिबात आवाज न करणारी काठी हवी म्हणाले. कुठल्या पाण्यात, मी विचारलं. ते जरा घुटमळले. मग खाली वाकून सांगितलं, शेजारच्या सोसायटीत अनंताचं झाड आहे, पूजेला फुलं हवी असतात, आणि तिथला रखवालदार पहाटे जागा असतो. मी त्यांना घडीची काठी दिली आणि शेंड्याला बोथट आकडाही करून दिला. पुढे बहर असेपर्यंत दर गुरुवारी ते मला अनंताचं एक फूल आणून देत. चोरीचं फूल देवाला चालतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देवाला विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका."

अलीकडे कंपन्यांतली मुलं यायची. त्यांनी मोबाइलवर इतकं पाहिलेलं असायचं की दुकानात ती मलाच शिकवत. "काकू, मला फास्ट ॲक्शनच पाहिजे, सगळे रिव्ह्यू वाचलेत," असं एकाने ठामपणे सांगितलं. फास्ट ॲक्शन म्हणजे नुसती शेंड्याशी वाकणारी, चूक न खपवणारी. मी म्हटलं, घ्या ना, पण आधी मला ओढा. मी गिरणीपाशी जाऊन एक झटका दिला आणि त्याच्या हातातली काठी पायरीवर पडली. बिचारा हसला. त्याने मवाळ काठी नेली आणि पुढे मित्रांना घेऊन आला. त्या मुलांची चेष्टा करते, पण दुकानात आवाज असायचा तो शेवटी त्यांचाच.

पण एवढं लिहायला बसले ते यांच्यासाठी नव्हे. लोणी काळभोरचे गुलाबराव आणि त्यांची बायको सुमनबाई यांच्यासाठी.

गुलाबराव कारखान्यात लेथवर काम करायचे. रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याने थेट भिगवणकडे, उजनीच्या पाण्यावर. लहानपणी लोणीलाच नदीवर कळकाच्या काठीने त्यांनी मरळी धरल्या होत्या. त्या नदीत आता हात घालवत नाही, असं सांगताना त्यांचा आवाज दर वेळी खाली जायचा. धिप्पाड माणूस. काठी घेताना त्यांचं एकच म्हणणं, "वहिनी, काठी कशी, सोट्यासारखी पायजे." लांब आणि ताठ. आणि त्यांच्या मनगटाला ती शोभायची. मी मासा झाले की ते मला गिरणीच्या पायरीवरून अलगद परत आणून ठेवत.

मग ते येईनासे झाले. बऱ्याच महिन्यांनी एका दुपारी सुमनबाई एकट्याच आल्या. पूर्वी दोन-तीनदा नवऱ्यामागे पायरीवर उभ्या राहिलेल्या बघितल्या होत्या, तेवढीच ओळख. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की गुलाबरावांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालत होते. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आणि परवापासून एकच घोशा लावला होता, वहिनींकडे जायचं, नवी काठी आणायची, पाण्यावर जायचं.

"तुमचं ऐकतील ते," सुमनबाई म्हणाल्या. "तुमी सांगा, तुमच्या हाताला चालंल अशी काठीच न्हाई मिळत. एवढं खोटं बोला माझ्यासाठी. पान्यात पाय घसरला तर कोन काढनार त्यास्नी?"

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या होत्या. मला त्यांचं म्हणणं सोळा आणे पटलं होतं. माझ्या नवऱ्याला असं झालं असतं तर मीही हेच मागितलं असतं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला शेवटचं 'नाही' मी सांगायचं, हेही जिभेवर येईना. मी त्यांना पाटी दाखवली. म्हटलं, हातात धरल्याशिवाय मी कोणाला काही सांगत नाही, हो नाही आणि नाहीही नाही. घेऊन या त्यांना. मात्र तुम्हीसुद्धा बरोबर या. त्या नाराज होऊन गेल्या.

दोन-चार दिवसांनी रिक्षा थांबली. गुलाबराव उतरले ते सुमनबाईंच्या खांद्यावर भार देऊन. केस पिकले होते, ओठ एका बाजूला ओढला होता. आल्या आल्या त्यांनी डाव्या हाताने भिंतीवरची सगळ्यात लांब, ताठ काठी दाखवली. मी ती खाली काढली. रीळ चढवलं, दोरा ओवला, त्यांनी सवयीने ती उजव्या हातात धरून डाव्याने सावरली, आणि मी नेहमीसारखी गिरणीकडे निघाले. मी झटका दिलाच नाही, नुसती उभी राहिले. तरीही शेंडा खाली खाली येत गेला आणि पायरीला टेकला. त्यांनी पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. काठी थरथरत होती आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगा, असंच ते पाहणं होतं.

मी दोरा गुंडाळत परत आले. मला मनापासून वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी जास्त फटकळ होते. म्हटलं, "अहो गुलाबराव, ही काठी तुमच्या जुन्या हाताची आहे. तो हात आता नाही. आहे त्या हाताचं बोला."

मग मी आतून सहा फुटांची, पार मुठीपर्यंत वाकणारी काठी काढली. अंगठ्याएवढी जाड मूठ, करंगळीवर तोलावी इतकी हलकी. या रिळाची एक सोय असते, फिरवायचा दांडा काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतो. मी तो उजवीकडे घेतला. काठी डाव्या, धडधाकट हातात. लुळ्या हाताने फक्त हळूहळू दांडा फिरवायचा. त्यांनी ती काठी अशी बघितली की जणू मी त्यांना झबलं दाखवतेय.

"ही तर पोरीबाळींची हाय," ते म्हणाले. बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळला.

मी दोरा ओवून ती काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. दोऱ्याचं टोक सुमनबाईंपुढे धरलं आणि म्हटलं, माझे गुडघे दुखतायत, आज मासा तुम्ही व्हा. त्या एकदम मागे सरल्या. पण गिरणीवाला, डबेवाल्या बायका, सगळे बघत होते, त्यामुळे नाही म्हणायचीही लाज वाटली असावी. दोरा हाताला कापू नये म्हणून त्यांनी पदर तळव्याभोवती घेतला, त्यावर दोरा गुंडाळला, आणि नवऱ्याकडे पाठ करून चालू लागल्या. वरच्या गॅलरीतून आप्पांचा आवाज आला, "आज मासा बदललेला दिसतोय." एवढ्या वर्षांत त्यांनी काढलेले हे पहिले प्रेमळ उद्गार.

सुमनबाईंनी झटका दिला. लटका नव्हे, चांगला. वाटतं, मनात साठलेलं सगळं त्यात होतं. काठी वाकली, पार मुठीपर्यंत कमान झाली, पण हातातून सुटली नाही. मवाळ काठीची हीच खुबी. ओढ ती स्वतःच्या अंगावर घेते, मनगटापर्यंत थोडीच पोचू देते. सुमनबाई रस्त्यात थांबल्या. दोरा ताणलेलाच होता. आणि मग लुळ्या हाताची बोटं दांड्यावर हलली. एक फेरा झाला. थांबला. आणखी एक अर्धा झाला. सुमनबाईंचा पदर धरलेला हात नवऱ्याच्या दिशेने ओढला गेला, तशा त्या वळल्या.

"हाताला जोर हाय," त्या म्हणाल्या. नवऱ्याला नाही, मला नाही, गिरणीसमोरच्या रस्त्याला सांगितल्यासारखं. "दोऱ्यातनं कळतंय. हाय जोर."

गुलाबराव हसले. ओढलेल्या ओठामुळे ते हसणं वाकडं होतं, पण हसणं होतं. ते एकेक फेरा करत राहिले, आणि सुमनबाई एकेक पाऊल परत येत राहिल्या. मध्ये एक स्कूटरवाला आला, तो इंजिन बंद करून उभा राहिला. पुण्यात असं होत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

काठी बांधून देताना सुमनबाईंनी अटी घातल्या. पाण्यात पाय घालायचा नाही. खुर्चीवर, कोरड्या काठावर बसायचं. आणि एकटं जायचं नाही, मी येणार. गुलाबराव सगळ्याला मान हलवत होते. एका हाताने मासोळी बांधता येत नाही, म्हणून मी सुमनबाईंना गाठ शिकवली. त्यांना ती पहिल्या खेपेला आली. शेवया वळणारी बोटं होती ती.

नंतर अधूनमधून त्यांच्या पुतण्याकडून खबर यायची. दोघं जातात, मासा एखादाच लागतो, जेवणाचा डबा मात्र दर खेपेला रिकामा होऊन येतो. मग खबर यायची थांबली. मी विचारलं नाही. आमच्या वयात काही गोष्टी विचारायचं लांबवावंसं वाटतं.

गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. काठ्या आता घरपोच येतात, आणि माझे गुडघे मामंजींच्या गुडघ्यांसारखे झाले. यजमान म्हणाले, मी म्हणतच होतो. मुलगा म्हणाला, उशीरच केलास. सगळे शहाणेच होते. मी एकटी पाट्या पुसत बसले आणि मला फार रडू आलं.

शेवटच्या आठवड्यात, कपाटं रिकामी झालेली असताना, दारात सुमनबाई उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं होतं. हातात जुन्या लुगड्याच्या कापडाची लांबट शिवलेली पिशवी, आणि तिच्यात ती सहा फुटी काठी. ते गेले, त्यांनी सांगितलं, झोपेतच गेले, आदल्या दिवशी पाण्यावर जाऊन आले होते. मी त्यांचा हात धरून बसले. मला वाटलं, काठी परत करायला आल्या आहेत. मी म्हटलंसुद्धा, ठेवून जा, चांगल्या घरी देईन.

"द्यायची कशाला?" त्या म्हणाल्या. "शेंड्याची कडी दोरा खातीय. बदलून द्या. घरात बसलं की समोर भिंत. मी जाते की पान्यावर."

मी कापूस फिरवला. बाकीच्या कड्या लख्ख, शेंड्याच्या कडीत तंतू अडकला. सामान बांधून ठेवलं होतं, पण एक कडी शोधून सापडली. निरांजनाच्या ज्योतीवर जरा ऊब देऊन जुनी उतरवली, नवी चिकटवली. मुठीवरचं बुचाचं आवरण दोन ठिकाणी काळपट झालं होतं. एक जागा रुंद पंजाची. दुसरी तिच्याखाली, लहान हाताची.

कडी गार झाल्यावर मी दोरा ओवला. सुमनबाई न सांगता पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. गिरणी आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे, पण पायरी तीच आहे. मी दोऱ्याचं टोक पदरावर गुंडाळलं आणि गुडघे सांभाळत निघाले. पलीकडे पोचल्यावर वळले नाही. झटका द्यायचं धाडस होईना, म्हणून फक्त दोरा ताणून धरला.

बराच वेळ पलीकडून काही झालं नाही. मग काठी हळूच उचलली गेल्याचं मला हातात कळलं.

"हाय," मागून सुमनबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "पल्याड हाय कुनीतरी."

मी आणखी थोडी ओढ दिली.